वरचे बाबा : डॉक्टर जॉर्ज बॉन्ड यांचें चरित्र

विद्यार्थिमित्रहो, दोनशें फूट अंतर म्हणजे कितीसें? आपल्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंतचें अंतर याहून अधिक भरेल. वसतिगृहांतील मुलास भूक लागली तर तो एवढें अंतर एका दमांत धांवून जातो. परंतु मनुष्यानें एक घर असें बांधलें होतें कीं, तेथून सूर्यप्रकाश, मोकळी हवा, आप्तमित्र आणि ताजें अन्न हीं सर्व अवघ्या दोनशें फुटांवर होतीं, आणि तरीहि तेथें राहणारा तीं आणावयास स्वतः निघाला असता तर त्यास प्राणास मुकावें लागलें असतें. हें घर म्हणजे समुद्राच्या तळीं उभारलेली संशोधनशाळा होय. तेथें माणसें आठवडेच्या आठवडे राहिलीं. त्यांस लागणारें अन्न, त्यांचीं पत्रें, त्यांचीं हत्यारें, फार काय त्यांच्या नाकांत जाणारी हवा देखील वरून कोणी तरी पुरवीत होतें. या वर राहून काळजी वाहणाऱ्या माणसांत जे मुख्य होते, आणि ज्यांस खालचे सर्व पाणबुडे प्रेमानें वरचे बाबा म्हणत, त्या डॉक्टर जॉर्ज फूट बॉन्ड यांचें चरित्र आज सांगण्याचें योजिलें आहे.

जॉर्ज बॉन्ड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९१५ रोजीं अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील विलोबी या गांवीं झाला. त्यांचें उच्च शिक्षण प्रथम फ्लॉरिडा विद्यापीठांत व पुढें कॅनडांतील माँट्रियल शहरीं मॅक्गिल विद्यापीठांत झालें. तेथून १९४५ सालीं ते वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. असा पदवीधर मोठ्या शहरीं दवाखाना घालून सुखानें राहिला असता तर त्यास कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु बॉन्ड यांनीं उत्तर कॅरोलिना संस्थानांतील डोंगराळ मुलूख पसंत केला. तेथें बॅट केव्ह, म्हणजे वटवाघुळांची गुहा, अशा विलक्षण नांवाचें एक लहानसें गांव आहे. आजूबाजूस उंच डोंगर, मधून वाहणारी खडकाळ नदी, आणि दूरदूर विखुरलेल्या वाड्या. मोटार जेथपर्यंत जाईल तेथपर्यंत मोटारीनें व पुढें पायीं, असा या डॉक्टरांचा क्रम असे. त्या खोऱ्यांतील लोकांकरितां १९४८ सालीं त्यांनीं एक रुग्णालयहि स्थापन केलें.

डोंगरांतील डॉक्टराचें जिणें शहरांतील डॉक्टराहून निराळें असतें. शहरांत एखादें औषध हाताशीं नसलें तर शेजारच्या दुकानांतून मागवितां येतें. डोंगरावरील झोंपडीत रोगी तळमळत असतां पेटींत सुई नाहीं किंवा पट्टी नाहीं असें आढळलें, तर ती उणीव भरून काढण्यास तेथें कोणीच नसतें. म्हणून अशा डॉक्टरास घरून निघतांनाच पुढील सर्व प्रसंग मनासमोर आणून पेटी भरावी लागते. पेटी भरणें हें काम दिसावयास क्षुद्र आहे, परंतु रोग्याचें जीवित पुष्कळ वेळां त्यावरच अवलंबून असतें. डोंगरावरचा हा धडा बॉन्ड यांस पुढें समुद्रांत उपयोगीं पडावयाचा होता.

१९५३ सालीं ते अमेरिकेच्या आरमारांत वैद्य म्हणून दाखल झाले व तेथें त्यांनीं पाणबुडी जहाजांवरील खलाशांच्या आरोग्याचें शास्त्र हातीं घेतलें. पुढें न्यू लंडन येथील आरमारी वैद्यकीय प्रयोगशाळेंत त्यांची नेमणूक झाली. त्या काळीं एक प्रश्न मोठ्या निकडीचा होता. पाणबुडी जहाज कांहीं अपघातानें समुद्रांत अडकून पडलें, तर आंतील माणसांनीं वर कसें यावें? खोल पाण्यांत मनुष्याच्या फुप्फुसांतील हवा दाबानें दडपलेली असते. तो वर येऊं लागला म्हणजे बाहेरचा दाब कमी होत जाऊन ती हवा फुगूं लागते. त्या वेळीं घाबरून त्यानें श्वास कोंडून धरिला तर फुप्फुसें फाटतात. त्यानें वर येतांना सारा वेळ हवा बाहेर सोडीत राहिलें पाहिजे. हें सांगावयास सोपें आहे, परंतु काळोख्या पाण्यांत तें करून दाखविणें धैर्याचें काम आहे. बॉन्ड यांनीं तें दुसऱ्यास करावयास सांगण्यापूर्वीं स्वतः केलें. २ ऑक्टोबर १९५९ रोजीं फ्लॉरिडाच्या दक्षिणेस की वेस्ट बेटानजीक आर्चरफिश नांवाच्या पाणबुडी जहाजांतून, ३०२ फूट खोलीवरून, ते व त्यांचे सोबती सिरिल टकफील्ड हे दोघे बाहेर पडले व सुमारें ५२ सेकंदांत सुखरूप पृष्ठभागावर आले. या कृत्याबद्दल आरमारानें त्यांचा पदक देऊन गौरव केला.

तथापि ज्या कार्यामुळें त्यांचें नांव राहिलें तें याहून निराळें आहे. पाणबुड्या खोल पाण्यांत गेला म्हणजे त्याच्या श्वासांतील वायु दाबामुळें त्याच्या रक्तांत व मांसांत विरघळूं लागतो. तो घाईनें वर आला तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढतांच जसे बुडबुडे उसळतात तसे बुडबुडे त्याच्या शरीरांत उसळतात, आणि त्यास लकवा होतो किंवा मृत्यु येतो. म्हणून त्यास थांबत थांबत वर यावें लागतें. या अडचणीमुळें दोनशें फूट खोलीवर थोड्या मिनिटांचें काम करावयाचें तर वर येण्यास त्याहून अधिक वेळ लागे. बॉन्ड यांनीं असा विचार केला कीं, पाण्यानें भरलेल्या पेल्यांत साखर टाकीत राहिलों तरी कांहीं वेळानें अधिक साखर विरघळत नाहीं. त्याचप्रमाणें एका ठराविक खोलीवर सुमारें एक दिवस राहिल्यावर शरीरहि वायूनें पूर्ण भरून जात असलें पाहिजे. त्यानंतर तेथें मनुष्य एक दिवस राहो कीं एक महिना राहो, वर येण्यास लागणारा वेळ सारखाच लागेल. तर मग पाणबुड्यानें रोज वरखालीं कां करावें? त्यास तळींच घर कां बांधून देऊं नये?

आरमारांतील वरिष्ठांस ही कल्पना प्रथम रुचली नाहीं. तरीहि बॉन्ड यांनीं धीर न सोडतां १९५७ पासून प्राण्यांवर प्रयोग आरंभिले. या प्रयोगमालिकेस त्यांनीं पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकावरून उत्पत्ति असें नांव दिलें. कारण समुद्रांतील जीवांवर मनुष्यास सत्ता दिल्याचा वृत्तांत त्या पुस्तकांत आहे. दोनशें फूट खोलीइतक्या दाबाखालीं साध्या हवेंत ठेविलेले उंदीर दोन दिवसांच्या आंत मरण पावले. ज्या प्राणवायूवर आपण जगतों तोच इतक्या दाबाखालीं फुप्फुसांस विषासारखा होतो असें दिसून आलें. तेव्हां प्राणवायूचें प्रमाण अगदीं थोडें ठेवून बाकीची जागा हेलियम या हलक्या वायूनें भरण्यांत आली, आणि त्या मिश्रणांत प्राणी सुखानें राहिले. उंदरांमागून बकऱ्या व माकडें आलीं आणि शेवटीं स्वेच्छेनें पुढें आलेलीं माणसें आलीं. १९६३ सालीं तीन माणसें बंद कोठडींत १९८ फूट खोलीच्या दाबाखालीं १२ दिवस राहून सुखरूप बाहेर आलीं. दुसऱ्या महायुद्धांत पाणबुडी जहाजांवर काम केलेले वॉल्टर मॅझोन हे या सर्व प्रयत्नांत बॉन्ड यांचे उजवे हात होते. याच सुमारास फ्रान्सच्या किनाऱ्यावर झाक कूस्तो व एडविन लिंक यांनीं १९६२ सालीं माणसांस समुद्रांत राहवून दाखविलें होतें, व त्यांच्याशीं बॉन्ड यांचा विचारविनिमय होत असे.

जुलै १९६४ मध्यें बर्म्युडा बेटानजीक आरमाराचें पहिलें सागरगृह, सीलॅब, १९२ फूट खोलीवर उतरविण्यांत आलें. तें कांहीं मोठें सुंदर नव्हतें. फ्लॉरिडांतील पनामा सिटी येथें पडून असलेल्या जुन्या पोलादी तरंगकांपासून तें बनविलें होतें. त्यांत चार जण ११ दिवस राहिले. पुढें वादळ येऊं घातल्यामुळें बॉन्ड यांनीं मुदतीपूर्वींच त्यांस वर काढलें. हेंच घर आज पनामा सिटी बीच येथील संग्रहालयांत पाहावयास मिळतें.

दुसरें सागरगृह याहून मोठें होतें. तें कॅलिफोर्नियाच्या ला होया गांवासमोर, स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेपासून जवळच, २०५ फूट खोलीवर २८ ऑगस्ट १९६५ रोजीं वसविण्यांत आलें. लांबी ५७ फूट, व्यास १२ फूट, आकार आडव्या पिंपासारखा. दहा दहा जणांच्या तीन तुकड्या प्रत्येकीं पंधरा पंधरा दिवस त्यांत राहिल्या. मिळून २८ जणांनीं तेथें वास केला, कारण दोघे जण दोन दोन तुकड्यांबरोबर राहिले. त्यांपैकीं एक स्कॉट कारपेंटर. हे १९६२ सालीं पृथ्वीभोंवतीं तीन प्रदक्षिणा करून आले होते. ते येथें सतत सुमारें ३० दिवस राहिले.

या घराच्या तळास एक मोठें भोंक होतें व तें सदा उघडें असे. पाणी आंत कसें शिरत नसे असें कोणी विचारील. त्यानें रिकामा पेला उपडा करून बादलींत बुडवून पाहावा. पेल्यांतील हवा पाण्यास थोपवून धरते. तसेंच या घरांतील वायु बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाचा, म्हणजे आपल्या सभोंवतालच्या हवेच्या सुमारें सातपट दाबाचा, ठेविलेला असे. त्या वायूंत हेलियम फार व प्राणवायु अवघा शेंकडा ४ च्या सुमारास होता. हेलियमामुळें माणसांचा आवाज बदकासारखा चिरका होई, व वरच्या माणसांस त्यांचें बोलणें समजणें कठीण जाई. हेलियम शरीराची उष्णता झपाट्यानें हिरावून घेतो, म्हणून घरांत पुष्कळ ऊब ठेविली तरीहि थंडी वाजे. कोंडलेल्या जागेंत धूर व वाफारे विषारी ठरतील म्हणून पदार्थ तळण्याची मनाई होती. इतक्या दाबाखालीं पाणी उकळावयाचें तर १६५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावें लागतें. आपल्या स्वयंपाकघरांतील एकहि नियम तेथें जसाचा तसा लागू पडत नव्हता.

आतां या माणसांच्या स्थितीचा विचार करा. डोक्यावर पृष्ठभाग केवळ वीस मजल्यांच्या इमारतीइतका उंच. परंतु तेथें जाण्यास त्यांस बंद कोठडींत बसून, दाब कणाकणानें कमी करीत, तीस तासांहून अधिक वेळ घालवावा लागे. कारपेंटर आकाशांतून उतरले तेव्हां परतीचे अग्निबाण सुटल्यापासून अर्ध्या तासाच्या आंत ते पृथ्वीवर होते. या हिशेबानें समुद्राचा तळ आकाशाहूनहि दूर म्हटला पाहिजे. म्हणून तळच्या माणसास स्वतः कांहीं आणावयास जातां येत नाहीं. त्याचे पाय म्हणजे वरचे लोक. वीज तारांतून यावयाची, गोडें पाणी नळींतून यावयाचें, आणि बाकीचें सर्व दोरास बांधलेल्या डब्यांतून उतरावयाचें.

डबा दोरास बांधून पाण्यांत सोडावयाचा, यांत कठीण तें काय, असें वाटेल. परंतु हें कामहि शिकावें लागतें. वरच्या हवेंत झाकण लावलेला डबा तळीं पोहोंचला म्हणजे त्याच्या आंत वरचाच हलका दाब असतो व बाहेर सातपट दाब असतो. झाकण एक फूट रुंद असेल तर त्यावर सुमारें १० हजार पौंडांचा भार पडतो. डबा कच्चा असला तर तो चेंचला जाऊन आंतील औषधाचा व पत्रांचा लगदा होतो. पक्का असला तर दहा पहिलवानांसहि झाकण उघडत नाहीं. म्हणून डब्यास एक लहानशी तोटी असावी लागते. ती फिरवून घरांतील वायु हळूहळू आंत सोडला, दोन्हींकडील दाब सारखा झाला, म्हणजे तेंच झाकण एका हातानें निघतें. परत वर पाठवितांना याच्या उलट. वैद्यांनीं तपासावयाचे रक्ताचे नमुने किंवा घरीं धाडावयाचीं पत्रें तळीं डब्यांत बंद केलीं, तर त्यांजबरोबर सातपट दाबाचा वायुहि डब्यांत बंद होतो. वर कोणीं अविचारानें झाकण सैल केलें तर तें तोफेच्या गोळ्याप्रमाणें उडावयाचें. तेथेंहि आधीं तोटी, मग झाकण. हेलियमाचे कण तर इतके सूक्ष्म कीं ते घट्ट बसविलेल्या मनगटी घड्याळांतहि शिरत, आणि दाब उतरूं लागला म्हणजे कांच बाहेर उडवून देत. डबाबंद खाद्यें, दिवे, बाटल्या, जें जें म्हणून बंद व पोकळ आहे, त्या प्रत्येकाचा आधीं विचार केल्यावांचून तें खालीं सोडतां येत नव्हतें.

या दोराच्या डब्यांबरोबर एक अपूर्व टपालवालाहि या कामीं ठेविला होता. त्याचें नांव टफी. तो डॉल्फिन होता. आरमारानें त्यास कॅलिफोर्नियांतील पॉइंट मगू येथें शिकवून तयार केलें होतें. त्याच्या अंगास पट्टा बांधलेला असे. पाण्यांत ठराविक आवाजाची खूण होतांच तो पत्रें किंवा हत्यारें घेऊन दोनशें फूट खालीं जाई, पाणबुड्याच्या हातीं सामान देई, बक्षीस म्हणून मासा घेई, व थोड्याच वेळांत पुन्हां वर येई. काळोख्या पाण्यांत वाट चुकलेल्या पाणबुड्यास दोरी नेऊन देण्याचाहि पाठ त्यास दिलेला होता. मनुष्यास जें तीस तासांत साधत नाहीं तें या प्राण्यास कसें साधे? तो दाबाखालीं श्वास घेत नाहीं. वरच घेतलेला एक श्वास छातींत धरून तो जातो व तसाच परत येतो. त्यामुळें त्याच्या शरीरांत माणसाप्रमाणें वायु सांठत नाहीं. समुद्रावर सत्ता मिळवावयास गेलेल्या मनुष्यास आपलीं पत्रें मिळण्याकरितां समुद्रांतील एका जीवाची मदत घ्यावी लागली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या सर्व व्यवहाराच्या मध्यभागीं, पाण्यावर उभ्या असलेल्या तराफ्यासारख्या जहाजांत, बॉन्ड बसलेले असत. खालचे लोक झोंपले तरी त्यांच्या हवेंतील प्राणवायूचें माप चालूंच असे. कोणाचें डोकें दुखत आहे, कोणाच्या कानांत पू झाला आहे, कोणास झोंप येत नाहीं, हें सर्व त्यांस कळावें लागे. एके दिवशीं कारपेंटर यांच्या बोटास विषारी माशाचा कांटा लागला. अशा वेळीं रोग्यास दवाखान्यांत आणावें तर तो तीस तासांनीं पोहोंचावयाचा. म्हणून दवाखानाच रोग्याकडे जावयास पाहिजे, हा बॅट केव्हच्या डोंगरांतील नियम येथेंहि खरा ठरला. पाणबुड्यांनीं त्यांस बाबा म्हटलें तें कांहीं उगीच नव्हे. बाप मुलाबरोबर सर्व ठिकाणीं जाऊं शकत नाहीं. परंतु मूल दूर असतां त्याच्या शिदोरीची चिंता त्यास सोडीत नाहीं.

१० ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसरा प्रयोग संपला. सर्व माणसें जिवंत व धडधाकट परत आलीं. आतां याहून तिप्पट खोलीवर, ६१० फुटांवर, जाण्याचें ठरलें. तेंच घर दुरुस्त करून फेब्रुवारी १९६९ मध्यें कॅलिफोर्नियाच्या सॅन क्लेमेंटी बेटाजवळ उतरविण्यांत आलें. परंतु तें तळीं पोहोंचतांच त्यांतून हेलियम गळूं लागला. तें बंद करण्यासाठीं कांहीं पाणबुड्यांस खालीं धाडण्यांत आलें. पहिला प्रयत्न फसला. पाणी अत्यंत थंड होतें आणि माणसें थकलेलीं होतीं. १७ फेब्रुवारी रोजीं दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळीं त्यांपैकीं बेरी कॅनन हा, दुसऱ्या सागरगृहांतहि राहून आलेला, पाण्यांतच मूर्च्छित झाला व सोबत्यानें त्यास वर आणण्याची शिकस्त केली तरी तो वांचला नाहीं.

पाणबुड्याच्या पाठीवरील यंत्रांत एक लहान पात्र असतें. आपण श्वासावाटे जो कर्बवायु बाहेर टाकतों तो शोषून घेणारें रसायन त्यांत भरलेलें असतें. तें नसेल तर मनुष्य आपल्याच श्वासानें गुदमरून मरतो. चौकशींत असें आढळलें कीं, चार यंत्रांपैकीं एकांतील पात्र रिकामें होतें, आणि कर्बवायूमुळें मृत्यु आला असा निर्णय झाला. कोट्यवधि डॉलरांचें सामान, मोठमोठीं जहाजें, नामांकित विद्वान, हें सर्व त्या ठिकाणीं हजर होतें. हजर नव्हतें तें ओंजळभर रसायन. डोंगरांतील डॉक्टरानें पेटी भरतांना एक पुडी विसरावी आणि रोगी हातचा जावा, तसाच हा प्रकार झाला. या दुःखानंतर आरमारानें तो प्रयोग बंद केला व सागरगृहांचें युग तेथें अमेरिकन आरमारापुरतें संपलें.

या मृत्यूचा सर्व दोष बॉन्ड यांजवर टाकणें अन्यायाचें होईल. इतक्या मोठ्या कामांत शेंकडों हात असतात व प्रत्येक पात्र एकाच मनुष्यास पाहतां येत नाहीं. परंतु चरित्र सांगणारानें यश तेवढें सांगावें व अपयश झांकावें हेंहि बरें नव्हे. ज्यानें माणसांस खालीं धाडलें त्याच्या आयुष्याशीं हा दिवस कायमचा जोडला गेला आहे. बॉन्ड पुढें आरमारांतून निवृत्त झाले आणि जानेवारी १९८३ मध्यें वयाच्या ६७ व्या वर्षीं मरण पावले. सागरगृहांच्या काळीं त्यांनीं जी रोजनिशी ठेविली होती ती त्यांच्या मागें दहा वर्षांनीं, १९९३ सालीं, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली.

त्यांचें काम मात्र बुडालें नाहीं. समुद्राच्या तळांतून खनिज तेल काढणाऱ्या धंद्यानें त्यांची रीति उचलली. आपल्या मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर अरबी समुद्रांत १९७४ सालीं मुंबई हाय येथें तेल सांपडलें. तेथील तळच्या नळांची डागडुजी करणारे पाणबुडेहि या पद्धतीनेंच काम करितात. ते समुद्राच्या तळीं घर करीत नाहींत. जहाजावरील पोलादी कोठडींत तितक्याच दाबाखालीं दिवसचे दिवस राहतात व घंटेच्या आकाराच्या पेटींतून कामावर उतरतात. त्यांचें जेवण कोठडीच्या भिंतींतील दुहेरी दारांच्या एका कोनाड्यांतून आंत जातें. बाहेरचें दार उघडून ताट ठेवावयाचें, तें दार लावावयाचें, दाब सारखा करावयाचा, मग आंतील माणसानें आपलें दार उघडावयाचें. तोटी आधीं, झाकण मग, हा तोच जुना नियम. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यानजीक ऍक्वेरियस नांवाची जी जलतळींची संशोधनशाळा १९९३ पासून एका प्रवाळखडकाशेजारीं काम करूं लागली, तिच्यांतील रहिवाशांचेंहि सामान दाबबंद डब्यांतून पाणबुडेच पोहोंचवीत आले.

विद्यार्थिमित्रहो, मोठ्या साहसाचें वर्णन ऐकतांना आपली दृष्टि नेहमीं खालीं उतरणाऱ्या वीराकडे जाते. तें योग्यच आहे, कारण संकट त्याच्या अंगावर असतें. परंतु त्याचा दोर ज्याच्या हातीं असतो, त्याचा डबा जो भरतो, डबा बंद करण्यापूर्वीं आंत सर्व आहे कीं नाहीं हें जो पुन्हां एकदां पाहतो, त्यालाहि त्या साहसांत वांटा असतो. तुमच्यांपैकीं फारच थोडे समुद्राच्या तळीं जातील. डबा भरण्याचें काम मात्र तुम्हां प्रत्येकाच्या वांट्यास येईल. कोणी परिचारिका होऊन औषधाची बाटली भरील, कोणी रेल्वेंत दिवा दाखवील, कोणी कारखान्यांत एखादा खिळा बसवील, कोणी घरीं म्हाताऱ्या आईबापांस दर महिन्यास पैसे पाठवील. त्या वेळीं पलीकडे कोणी तरी असा असेल कीं जो स्वतः येऊन उणें पडलेलें घेऊं शकत नाहीं. त्याचा भरंवसा तुमच्यावर असेल, आणि पुष्कळदां तो तुम्हांस दिसणारहि नाहीं. डॉक्टर बॉन्ड यांच्या चरित्रांतील शेवटचें तें रिकामें पात्र आठवून आपण आपल्या हातचें पात्र एकदां उघडून पाहावें, व मगच त्याचें झाकण लावावें.